समुद्र आहे ना, मग कसली टंचाई?

जुलै २०१७ मध्ये इस्रायलच्या ओल्गा किनाऱ्यावर दोन पंतप्रधान एका छोट्या गाडीतून थेट पाण्यापर्यंत गेले. गाडीत खारे पाणी गोडे करण्याचे यंत्र होते. त्यातून निघालेले पाणी नरेंद्र मोदी आणि बेंजामिन नेतान्याहू यांनी ग्लासात घेऊन चाखले. ते छायाचित्र भारतभर पोचले आणि आधीपासूनच लोकांच्या मनात असलेल्या एका समजुतीला त्याने चेहरा दिला. आता उन्हाळ्यात धरणांचे आकडे उतरू लागले, की कुणीतरी ठामपणे म्हणतो: एवढा समुद्र पडलाय, यंत्र बसवा, प्रश्न मिटला.

ही समजूत नीट मांडली तर अशी दिसते. पृथ्वीवर पाण्याची कमतरता नाही, ते फक्त खारे आहे. मीठ काढणारे तंत्र आता स्वस्त झाले आहे. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, इस्रायल हे वाळवंटी देश त्याच्यावरच जगतात. तेव्हा टंचाई हा निसर्गाचा दोष नसून सरकारांच्या आळसाचा परिणाम आहे, आणि पाणी जपून वापरा, ऊस कमी लावा, गळती थांबवा हे सांगणारे लोक जुन्या काळात अडकलेले आहेत.

सौदी अरेबिया आणि इस्रायल, या दोन्ही देशांचा इतिहास याच्या उलट सांगतो.

तंत्राबद्दल वाद नाही. १९५९-६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस आवारात सिडनी लोब आणि मूळचे भारतीय असलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी मीठ अडवणारा आणि पाणी सोडणारा पातळ पडदा तयार केला. आज घरोघरी ज्याला ‘आरओ’ म्हणतात त्याचे मूळ तिथे आहे. ज्या शहराला नदी नाही, पाऊस नाही आणि भूजलही नाही, त्या कुवेत किंवा दोहासारख्या शहराला पिण्याच्या पाण्यासाठी समुद्राशिवाय आधार नाही, हेही खरे. पण शहराची तहान आणि देशाची पाणीटंचाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समुद्राच्या भरवशावर निर्धास्त झालेल्यांची सगळी मांडणी या दोन गोष्टी एक समजण्यावर उभी आहे.

आधी स्वस्ताईचे पाहू. इस्रायलमधल्या सोरेक-ब या प्रकल्पासाठी २०२० मध्ये जी निविदा मंजूर झाली, तिचा दर होता घनमीटरला १.४५ शेकेल. तेव्हाच्या विनिमय दराने हजार लिटरला सुमारे तीस रुपये, म्हणजे लिटरला तीन पैसे. हा आकडा ऐकणाऱ्याला वाटते, आता अडलेय कुठे? पण हा दर प्रकल्पाच्या फाटकावरचा आहे. समुद्रकाठी, गिऱ्हाईक असलेल्या शहरापासून हाकेच्या अंतरावर, मोठ्या क्षमतेच्या कारखान्यात, सरकारने दीर्घ मुदतीची खरेदी हमी दिल्यावर मिळालेला. हा दर दुसऱ्या देशाच्या पठारावर जसाच्या तसा उचलून नेता येतो का?

आणि तो आणखी किती उतरणार? समुद्राच्या पाण्यातून मीठ वेगळे करायला निसर्गानेच एक किमान ऊर्जा ठरवून दिली आहे. निम्मे पाणी गोडे काढायचे असेल, तर हजार लिटरमागे साधारण एक युनिट वीज. त्याखाली कोणतेही यंत्र जाऊ शकत नाही. आजचे चांगले प्रकल्प तीन ते चार युनिटांत काम भागवतात. म्हणजे जी मोठी बचत व्हायची होती, ती गेल्या पन्नास वर्षांत होऊन गेली. संगणक आणि मोबाइलसारखी ही किंमत दर दोन वर्षांनी निम्मी होत राहील अशी आशा धरणाऱ्यांनी भौतिकशास्त्राला विचारलेले नाही.

शिवाय पाणी जड असते. एक घनमीटर म्हणजे एक टन. ते एक हजार मीटर वर चढवायला, पंपात काहीच वाया गेले नाही असे धरले, तरी २.७ युनिट वीज लागते. खऱ्या पंपाने तीन-साडेतीन. म्हणजे डोंगरावरच्या शहराला पाणी पोचवणे हे ते गोडे करण्याइतकेच महाग आहे.

हे कागदावरचे गणित नाही. जॉर्डनमध्ये ते प्रत्यक्षात उभे आहे. जॉर्डन हा जगातल्या सर्वांत तहानलेल्या देशांपैकी एक. तिथे माणशी वर्षाला नव्याने मिळणारे पाणी शंभर घनमीटरच्याही खाली आहे. पाचशेच्या खाली गेले की जलतज्ज्ञ त्याला आत्यंतिक टंचाई म्हणतात. अम्मानच्या अनेक वस्त्यांत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते आणि घराघरांच्या गच्चीवर टाक्या भरून ठेवतात. या देशाला समुद्राचा एक चिंचोळा तुकडा मिळाला आहे, तो अगदी दक्षिण टोकाला अकाबा इथे. लाल समुद्र आणि मृत समुद्र जोडण्याची मोठी योजना २०२१ मध्ये बारगळल्यावर जॉर्डनने अकाबाला पाणी गोडे करून साडेचारशे किलोमीटरच्या आसपास लांबीच्या नळाने अम्मानला चढवायचे ठरवले. वर्षाला तीस कोटी घनमीटर.

हे पाणी अम्मानच्या ज्या नळांत पडणार, त्यांची अवस्था काय? जॉर्डनमध्ये जाळ्यात सोडलेल्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास पाण्याचा पैसा वसूल होत नाही. काही जमिनीत मुरते, काही चोरीला जाते, काही मोजलेच जात नाही. म्हणजे समुद्रातून उपसून, मीठ काढून, डोंगर चढवून आणलेल्या दोन बादल्यांतली एक हिशेबातूनच नाहीशी होणार. ज्या देशाला हजारो कोटींचे कर्ज काढून समुद्र आणावा लागतो, त्याने आधी फुटके नळ का दुरुस्त करू नयेत? जॉर्डनला अकाबाचे पाणी लागणार नाही असे कुणी म्हणत नाही. पण दुरुस्तीच्या आधी आणलेले पाणी दुप्पट महाग पडते. नळदुरुस्तीला उद्घाटनाची फीत नसते, म्हणून ती मागे राहते आणि कारखाना पुढे येतो.

आता शेती. जगात माणूस जे गोडे पाणी उचलतो, त्यातले सुमारे सत्तर टक्के शेतीला जाते. कोरड्या देशांत हा वाटा अनेकदा याहून मोठा असतो. टंचाई जिथे खरोखर घडते, ती जागा ही. कोरड्या प्रदेशात सिंचनावर एक टन गहू पिकवायला साधारण हजार घनमीटर पाणी लागते असे धरा. समुद्राचे पाणी अर्ध्या डॉलरला घनमीटर या माफक दराने दिले, तरी त्या टनभर गव्हाच्या पाण्याचाच खर्च पाचशे डॉलर. जागतिक बाजारात टनभर गहू बहुतेक वर्षी याच्या निम्म्या किमतीला मिळतो. कोणता शेतकरी हे पीक घेईल? स्पेनने २००४ नंतर एब्रो नदीचे पाणी दक्षिणेकडे वळवण्याची योजना रद्द करून भूमध्य किनाऱ्यावर निःक्षारीकरणाचे, म्हणजे खारे पाणी गोडे करण्याचे, प्रकल्प उभारले. त्यातले अनेक पुढची कित्येक वर्षे क्षमतेच्या थोड्याच भागावर चालले, कारण शेतकऱ्यांना ते पाणी परवडेना. आणि ही काचघरात भाजी पिकवून युरोपभर विकणाऱ्या शेतकऱ्यांची गोष्ट आहे. ज्वारी-बाजरीवाल्याचे काय?

सौदी अरेबियाचे उदाहरण देणारे लोक अर्धीच गोष्ट सांगतात. जेद्दाच्या बंदरात तुर्कांच्या काळातच समुद्राचे पाणी उकळून गोडे करण्याचे यंत्र होते. तेव्हा हे काम तिथे नवे नाही. आज निःक्षारीकरणात सौदी जगात आघाडीवर आहे, आणि जुबैलहून शेकडो किलोमीटरच्या नळांनी राजधानी रियाधला, सुमारे सहाशे मीटर उंचीवर, पाणी जाते. पण याच देशाने १९८० च्या दशकात वाळवंटात गहू पिकवायचे ठरवले. सरकारने जागतिक किमतीच्या कितीतरी पट हमीभाव दिला. खोल विहिरी खणल्या, गोल फिरणाऱ्या तुषार सिंचनाची यंत्रे बसवली, आणि आकाशातून पाहिले तर वाळूवर हिरव्या तबकड्या मांडल्यासारखी शेती दिसू लागली. १९९२ च्या सुमारास उत्पादन चाळीस लाख टनांवर गेले. पाऊस नसलेला हा देश जगातल्या मोठ्या गहू निर्यातदारांत मोजला जाऊ लागला.

ते पाणी हजारो वर्षांपूर्वी, तिथे पाऊस पडत असे तेव्हा, खडकात साठलेले होते. ते पुन्हा भरणार नव्हते. अल-अफलाज भागात लैला गावाजवळ वाळवंटात नैसर्गिक तळी होती, लोक तिथे सहलीला जात. उपशाने ती आटली. २००८ मध्ये सरकारने गहू बंद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि २०१६ पर्यंत सरकारी खरेदी थांबवली. त्यानंतर जनावरांच्या हिरव्या चाऱ्याचा नंबर आला, तोही आवरावा लागला. तिथली एक मोठी दुग्ध कंपनी चाऱ्यासाठी अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात जमीन घेऊन तिथले भूजल उपसू लागली, आणि २०२३ मध्ये त्या राज्याच्या गव्हर्नर केटी हॉब्ज यांनी कंपनीचे सरकारी जमिनीवरचे भाडेपट्टे रद्द करायला सुरुवात केली.

म्हणजे जगातले सर्वाधिक समुद्रपाणी गोडे करणारा देश त्याच वेळी स्वतःच्या जमिनीखालचे पाणी संपवत होता, आणि समुद्राने ते वाचवले नाही. कसे वाचवणार? पेल्यातले पाणी समुद्रातून आले, पण ताटातल्या भाकरीचे आणि दुधाचे पाणी समुद्र देऊ शकला नाही. मग टंचाईवरचा उपाय म्हणून सौदीचे नाव घेताना हे निम्मे का गाळले जाते?

याहून मोठी गोष्ट इस्रायलच्या बाबतीत गाळली जाते. ओल्गा किनाऱ्यावरच्या छायाचित्रात यंत्र दिसते, त्यामागची पन्नास वर्षे दिसत नाहीत. १९५५ मध्ये इस्रायलने पाणी मोजून देण्याचा कायदा केला. १९५९ च्या जलकायद्याने देशातले सगळे पाणी, शेताखालचे सुद्धा, सार्वजनिक मालकीचे ठरवले. आपल्या जमिनीत आहे म्हणून कुणालाही हवे तसे उपसता येत नाही. १९६४ मध्ये गालिलीच्या सरोवरातून दक्षिणेकडे पाणी नेणारी राष्ट्रीय जलवाहिनी सुरू झाली. १९६५ मध्ये हात्झेरिमच्या किबुत्झने, म्हणजे सामूहिक शेती-वसाहतीने, ठिबक सिंचनाचा कारखाना काढला. तेल अवीव परिसराचे मैलापाणी शुद्ध करून, वाळूत मुरवून, नेगेवच्या शेतीला देण्याची व्यवस्था उभी राहिली. आज देशाच्या सांडपाण्यापैकी ८५ टक्क्यांहून अधिक पाणी पुन्हा शेतीला जाते. जगात इतका मोठा वाटा फारच थोडे देश गाठतात. शहरांतली गळती दहा टक्क्यांच्या आसपास आणली. दुष्काळात दर वाढवले, घरगुती वापर खाली आला.

यातले बहुतेक करून झाल्यावर, २००५ मध्ये, अश्कलोनचा मोठा प्रकल्प सुरू झाला. त्यानंतर पाल्माखिम, हदेरा, सोरेक, अश्दोद. शेवटची पायरी तेवढी उचलून आणायची आणि आपण इस्रायलच्या गच्चीवर पोचलो म्हणायचे, याला काय अर्थ? आणि शेवटच्या पायरीवरही त्यांना शिकावे लागले. अश्कलोनचे पाणी शेतीत गेले तेव्हा त्यातल्या जास्त बोरॉनने आणि मॅग्नेशियमच्या अभावाने पिकांना त्रास झाल्याचे त्यांच्याच शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये लिहिले.

त्याच भूमध्य समुद्राच्या काठावर, अश्कलोनपासून थोड्याच किलोमीटरवर गाझा आहे. तिथले बहुतेक सगळे भूजल पिण्यालायक उरलेले नाही. देर अल-बलाह इथे युनिसेफने उभारलेला निःक्षारीकरण प्रकल्प आहे. समुद्र तोच, तंत्र तेच. मार्च २०२५ मध्ये इस्रायलने त्याची वीज तोडली आणि उत्पादन एकदम कोसळले. समुद्रावर कुणाची मालकी नाही म्हणून हे पाणी स्वतंत्र, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण वाचावे. ज्याच्या हातात वीज, त्याच्या हातात हे पाणी.

आखाती देशांना हा धोका पक्का ठाऊक आहे. १९९१ च्या युद्धात कुवेतच्या वीज आणि पाणी प्रकल्पांची नासधूस झाली. समुद्रात सोडलेले तेल सौदीच्या जुबैलकडे सरकू लागले, तेव्हा प्रकल्पांची तोंडे वाचवायला तरंगते अडसर टाकावे लागले. २००८-०९ मध्ये आखातात लाल शेवाळाची भरती आली आणि अमिरातीतले काही प्रकल्प कित्येक दिवस बंद पडले. म्हणून अबू धाबीने २०१८ मध्ये लिवाच्या वाळूखाली गोडे पाणी मुरवून साठा केला, आणीबाणीत दहा लाख लोकांना नव्वद दिवस पुरेल एवढा. समुद्रावर सर्वांत जास्त विसंबणाऱ्यांनीच समुद्रावर विसंबू नये म्हणून हजारो कोटी खर्चले.

आणि उरलेले मीठ? संयुक्त राष्ट्र विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे जगातले सुमारे सोळा हजार प्रकल्प रोज साडेनऊ कोटी घनमीटर गोडे पाणी देतात आणि चौदा कोटींहून अधिक घनमीटर अतिखारे पाणी मागे टाकतात. त्यातले निम्म्याहून जास्त फक्त सौदी, अमिराती, कुवेत आणि कतार या चार देशांचे. खुल्या, खोल समुद्रात नीट पसरवून सोडले तर ते विरते. ऑस्ट्रेलियातल्या काही ठिकाणी तसे दिसले आहे. पण पर्शियन आखाताची सरासरी खोली पस्तीस मीटरच्या आसपास, तोंड अरुंद, ऊन प्रचंड, आणि पाणी मुळातच इतर समुद्रांपेक्षा खारे. तिथे सोडलेले मीठ उद्या पुन्हा त्याच यंत्राच्या तोंडी येते आणि जास्त वीज खाते.

यावर उत्तर दिले जाते की सौरऊर्जा आली, विजेची चिंता संपली. सूर्य संध्याकाळी मावळतो. हे प्रकल्प मात्र रात्रंदिवस चालवले तरच भांडवलाचा खर्च वसूल होतो. म्हणून बहुतेक मोठे प्रकल्प आजही ग्रीडवर उभे आहेत. आणि सूर्याची वीज स्वस्त झाली तरी ती नळातली गळती बुजवत नाही.

बांधून ठेवलेले आणि न वापरलेले प्रकल्प हाही एक अध्याय आहे. ऑस्ट्रेलियात मेलबर्नसाठी वोंथागीचा महाकाय प्रकल्प २०१२ च्या अखेरीस तयार झाला तोवर पाऊस परतला होता. त्याच्याकडून पाणी यायला २०१७ उजाडले, पण करारातली देणी लोक दर वर्षी भरतच राहिले. केप टाउनने २०१८ च्या संकटात उलटा धडा दिला. माणशी दिवसाला पन्नास लिटरची मर्यादा, दुरुस्त्या, पाण्याचा दाब कमी करणे, यांनी शहराचा रोजचा वापर तीन वर्षांत बाराशे दशलक्ष लिटरवरून पाचशेच्या आसपास आला. तिथे घाईने उभारलेले तात्पुरते निःक्षारीकरण संच या बचतीपुढे थेंबासारखे होते, आणि बंदरातला एक संच तर समुद्राचेच पाणी मैल्याने घाण झाल्यामुळे अडला.

नामिबियाची राजधानी विंडहोक समुद्रापासून पावणेतीनशे किलोमीटर आत, साडेसोळाशे मीटर उंचीवर आहे. सहारापलीकडच्या आफ्रिकेतला हा सर्वांत कोरडा देश. या शहराने १९६८ पासून आपले मैलापाणी शुद्ध करून थेट पिण्याच्या नळात घेतले. गेली पन्नासहून अधिक वर्षे लोक ते पाणी पितात. हे छायाचित्र कुणी दाखवत नाही.

हा वाद महाराष्ट्राचाही आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हाही त्याच मराठवाड्यात ऊस उभा होता. लातूर समुद्रापासून साडेतीनशे किलोमीटरहून दूर आणि सहाशे मीटरहून उंच आहे. रियाधची सगळी गणिते तिथे जशीच्या तशी लागू होतात, फक्त रियाधचे तेल नाही. चेन्नईत २०१० आणि २०१३ मध्ये रोजच्या शंभर-शंभर दशलक्ष लिटरचे दोन प्रकल्प सुरू झाले. जून २०१९ मध्ये शहराचे तलाव आटले आणि जुलैत जोलारपेट्टईहून पाण्याच्या रेल्वेगाड्या आणाव्या लागल्या. मुंबईत मनोरीला रोजच्या दोनशे दशलक्ष लिटरचा प्रकल्प घाटत आहे. शंभर किलोमीटरवरून आणलेले पाणी गळती आणि चोरीत याच्या कितीतरी पट जात असताना, आणि नीट शुद्ध न केलेले मैलापाणी खाड्यांत सोडले जात असताना, आधी काय करायला हवे हे सांगायला परदेशी सल्लागाराची गरज आहे का?

समुद्राचे पाणी गोडे करणे हा टंचाईवरचा उपाय नाही. बाकीचे सगळे करून झाल्यावर, किनाऱ्यावरच्या शहराला, पिण्यापुरता, तो शेवटचा आधार आहे. तो पहिला म्हणून विकणारे लोक शेतीतला उपसा, फुटके नळ आणि फुकट घालवलेले सांडपाणी यांवर बोलणे टाळायला मदत करतात. म्हणून आपल्या शहरात असा प्रकल्प जाहीर झाला, तर वाचकांनी भूमिपूजनाआधी तीन आकडे लेखी मागावेत: नळातून किती गळते, मैलापाण्यातले किती पुन्हा वापरले जाते, आणि जिल्ह्यातल्या धरणांचे किती पाणी कोणत्या पिकाला जाते.